दोन वेळची मूठ

तिअल सुंगला संशय यायला फार काही लागत नसे. कुणी नेहमीपेक्षा गोड बोललं की ती त्याच्या झोळीकडे बघे, कुणी गप्प बसलं की त्याच्या चुलीकडे. नवरा हयात असताना म्हणायचा, "तुला स्वर्गात घेतलं ना, तर दारातल्या देवदूताला तू विचारशील, आधी इथे उभा होता तो कुठे गेला म्हणून." नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली. संशय घरातच राहिला.

त्या शनिवारी मात्र संशयाला खरोखरीचं वजन होतं. दोत इआंगच्या दारात उभं राहून तिने मुठीच्या तांदळाची पिशवी हातात घेतली आणि हात खचकन खाली गेला.

डोंगरावरच्या तलांगखुआ गावातल्या बायका भाताला तांदूळ मोजून घेतला की त्यातली जेवणाऱ्या माणसामागे एक मूठ काढून चर्चच्या पिशवीत टाकत. चूल पेटली की मूठ, एवढाच नियम, आणि तो त्यांच्या आज्यांच्या वेळेपासूनचा. घराघराची कापडी पिशवी वेगळी, वर लाल दोऱ्याने नाव विणलेलं. कुणी किती दिलं ते विचारायचं नाही, आणि चर्चच्या कोठीतून कुणाच्या घरी किती गेलं तेही बोलायचं नाही. वरच्या आळीतल्या बावीस घरांच्या पिशव्या तिअल सुंग एकोणीस वर्षं गोळा करत होती. बाकी कुणाला नसेल कळत, पण तिच्या हाताला कळायचं. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं भांडण होऊन चूल पेटलेली नाही, सगळं पिशवी उचलली की समजायचं.

"तुझ्या एकटीचीच ना गं ही?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? माझ्या घरात आणखी कोण आहे?"

"तसं नव्हे. जड लागली."

"म्हातारी झालीस, पी तिअल. हात थकले तुझे." वयाने मोठ्या बाईला गावात पी म्हणत आणि मोठ्या पुरुषाला पू.

"हात थकले तर सगळ्याच पिशव्या जड लागल्या असत्या. तुझीच कशी लागली?"

दोत इआंग हसली, पण दार तिने पाऊणच उघडलं होतं आणि उरलेल्या पावात स्वतः उभी होती. एरवी या दारातून चहा घेतल्याशिवाय सुटका नसे. आज चहाचं नावही निघालं नाही. तिअल सुंगने ते मनात टिपून ठेवलं.

"लियनचं काही कळलं?"

"काय कळणार? नदी ओलांडून गेला असेल पलीकडे. देव आहे त्याच्याबरोबर."

वान लियन म्हणजे दोत इआंगचा एकुलता एक मुलगा. मे महिन्यात सरकारने नव्या राज्यघटनेवर मतदान घेतलं तेव्हा कागदावर होकाराची खूण वेगळी होती आणि नकाराची फुली. ही फुली लियनने शाळेच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची काढून ठेवली. सैनिकांनी विचारलं तर म्हणाला, आम्ही ख्रिस्ती माणसं, क्रॉस काढला. सैनिक काही इतके भोळे नव्हते. त्याच दिवशी तो पळाला, आणि जूनपासून दोनदा त्याच्या आईच्या घराची झडती झाली होती.

रस्त्याने जाताना तिअल सुंगचं डोकं भणभणत होतं. दोन वर्षांमागे डोंगरावरच्या बांबूला फुलोरा आला, तो खाऊन उंदीर माजले आणि उंदरांनी शेतं साफ केली. तेव्हापासून गावात धड दोन वेळ कुणाची चूल पेटत नव्हती. लोक रानातले कंद उकडून खात होते, भात एकदाच, तोही मक्याच्या कण्या मिसळून. आणि ही एकटी बाई दोन माणसांच्या एवढी मूठ देते? तांदूळ येतो कुठून? सगळ्यांचाच तांदूळ आता खालच्या मैदानातून येत होता, त्यामुळे दाणा बघून काही कळायला मार्ग नव्हता. पण तिअल सुंगला दाणा बघायची गरजच नव्हती. बाईने सही केली असणार. सरकारी पोतं घेतलं असणार.

मदत खात्याचा तांदूळ हवा तर तालुक्याला जाऊन एका कागदावर सही करावी लागे. सरकारच्या मदतीने आम्ही समाधानी आहोत, दुसऱ्या कुणाच्या बेकायदा वाटपात आम्ही नाही, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. दुसरं कुणाचं म्हणजे चर्चचं, हे लहान पोरालाही कळत होतं. तलांगखुआतल्या एकाही माणसाने सही करायची नाही असं चर्चच्या ज्येष्ठांनी ठरवलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने आमेन म्हणाली होती ती तिअल सुंग. पोतं घेणारा उद्या त्यांना आणखी काय काय देईल, नावं देईल, खबरा देईल, असंही तीच बोलली होती.

आणि तिच्याच खाटेखाली, सरपणाच्या मागे, मदत खात्याच्या निळ्या शिक्क्याचं पोतं होतं.

त्याला दोन महिने झाले होते. अकरा दिवस नुसत्या कंदांवर काढल्यावर एका सकाळी तिचे गुडघे उतारावर वळेनात. पाठीवर बावीस घरांचा तांदूळ होता. तो कोठीत ओतताना दोन दाणे जिभेवर ठेवायची इच्छा झाली आणि ती स्वतःलाच घाबरली. मागितलं असतं तर चर्चने दिलं असतं, नाही कसं? पण साऱ्या आळीचा तांदूळ पाठीवर वाहणारीच्या घरात तांदूळ नाही, हे सांगायचं कुणाला? रविवारी पाळक गरजूंसाठी प्रार्थना करत, नावं घेऊन करत. त्या नावांत आपलं नाव ऐकण्यापेक्षा तालुक्याच्या कारकुनासमोर सही करणं तिला सोपं वाटलं. त्याचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं. पाच मैल चालत ती गेली, सही केली, आणि लाकडाच्या ढलप्यांखाली लपवून पोतं घरी आणलं. तेव्हापासून गावातला प्रत्येक माणूस तिला सही करून आल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर चर्चच्या कोठीत बैठक बसली. मदत खात्याच्या अधिकाऱ्याचं, ऊ वुन्नाचं, पत्र आलं होतं. चर्चचा तांदूळ जंगलातल्या बंडखोर पोरांना जातो अशी खबर आहे, तर खुलासा करावा.

"सरकार देतं त्याला दान म्हणू नका," ज्येष्ठ पू झा उक बोलत होते. सत्तरीचा माणूस, पण आवाज चर्चच्या घंटेला भारी. "दान दिलं की देणाऱ्याच्या ताटातलं कमी होतं. ऊ वुन्नाच्या ताटातलं काय कमी झालं? आपल्याच भातावर पट्टी लावली, तोच भात पोत्यात भरून परत पाठवला, आणि वर आमचीच सही मागतो!"

"पू, उपाशी माणसाला पोत्यावरचा शिक्का वाचता येत नाही," पाळक चेउ मांग म्हणाले. ते तरुण होते आणि त्यांना कधीच आवाज चढवायची सवय नव्हती. "पोटात असलं तरच माणूस नाही म्हणू शकतो. रिकाम्या पोटाला कुणीही विकत घेतं."

"अहो, म्हणून तर ते सही मागतात!"

"आणि आपण काहीच मागत नाही? कोठीतून नेणाऱ्याचं नाव आपण प्रार्थनेत घेतो."

"प्रार्थनेत नाव घेणं आणि पोलिसांच्या हातात नाव जाणं, एकच झालं का?"

"ते घेणाऱ्याला विचारा, पू. आपण देणारे आहोत, आपल्याला काय कळणार?"

तिअल सुंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्याकडे बघून बोलले की काय? तिने घाईघाईने तोंड उघडलं, आणि जे निघालं ते असं निघालं, "मी सांगते, नावं वाचा. पुढच्या शनिवारी घरोघरची पिशवी सगळ्यांसमोर तोलू आणि कुणाची किती ते मोठ्याने वाचू. आपल्यात लपवण्यासारखं काय आहे? कुणाला अचानक भरती आली असेल तर तेही कळेल."

"भरती? कुणाला?" पू झा उकांनी भुवया उचलल्या.

"मी नाव घेत नाही. पिशवी घेईल."

पाळक अस्वस्थ झाले. "पी तिअल, मूठ ही कुणी बघत नसताना द्यायची गोष्ट आहे. ज्या दिवशी ती तोललीत त्या दिवशी तिचा कर झाला."

पण पू झा उकांना ते पटलं. उघड तोललं की ऊ वुन्नाचं तोंड बंद होईल असं त्यांचं म्हणणं. तसं पत्रही तालुक्याला गेलं. तिअल सुंग घरी आली ती जरा तोऱ्यातच, आणि खाटेकडे पाठ करून जेवली.

पण शनिवारपर्यंत थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. गुरुवारी सकाळी ती दोत इआंगकडे गेली ती पुढच्या दाराने नव्हे, मागच्या डुकराच्या खोपटाकडून. निळा शिक्का एकदा डोळ्यांनी बघायचा, मग बघू ही बाई काय तोंड दाखवते, असा तिचा बेत होता.

फळ्यांच्या फटीतून चूल दिसली. दहाचा सुमार होता. पहाटेचं जेवण होऊन गेलेलं, उष्टी भांडी पालथी घातलेली, आणि तरी चूल पुन्हा पेटली होती. दोत इआंगने मापाने तांदूळ घेतला. माप अर्धंही भरलं नाही, डब्याच्या बुडाशी खरवडल्याचा आवाज आला. त्या अर्ध्या मापातून तिने मूठ काढली, डोळे मिटले, ओठ हलले, आणि मूठ पिशवीत गेली. पोतं कुठेही नव्हतं. शिक्का कुठेही नव्हता. शाल खांद्यावरून सरकली होती आणि गळा ओकाबोका दिसत होता. तिच्या सासूकडून आलेली जुन्या मण्यांची माळ, जी ती अंघोळीलाही काढत नसे, ती गेली होती. आणि बाई इतकी वाळली होती की दोन वेळ भात ही खाते यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

तेवढ्यात माळ्यावरून खोकला आला. पुरुषाचा.

तिअल सुंग खोपटाच्या आडोशाला खाली बसली. डुकराने येऊन तिचा घोटा हुंगला. ती उठली, आणि या वेळी पुढच्या दाराने गेली.

"मी आहे. उघड."

दार पाऊणच उघडलं.

"सगळं उघड गं बाई. मी खोकला ऐकलाय."

 दोत इआंगने तिला आत ओढून कडी घातली. मग कुजबुजत, एका दमात सगळं सांगून टाकलं. नदीपर्यंत गेला होता, तिथे ताप चढला, कुणीतरी रात्रीतून परत आणून टाकला. मलेरिया. आता उतरतोय. आणखी दहा-पंधरा दिवस, पायात बळ आलं की जाईल. दिवसा धूर दिसला तर दिसला, लोकांना वाटेल डुकराचं शिजवते.

"आणि ही पिशवी?" तिअल सुंगचा आवाज चढला आणि तिने तो दाबला. "सैनिक दोनदा घर उपसून गेले, तू श्वासाचाही आवाज करत नाहीस, आणि मूठ मात्र दोन वेळा टाकतेस? एक वेळची टाकली नसतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

दोत इआंगने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनेच काही वेडंवाकडं विचारलं होतं. "चूल पेटली की मूठ काढायची."

"अगं पण..."

"सैनिकांशी मी खोटं बोलते, पी तिअल. तुझ्याशी बोलले. पाळकांशीही बोलले. आता देवालाही फसवू? त्याच्याच जिवावर पोरगा माळ्यावर आहे माझा."

 पिशव्या तोलायच्या आहेत हे दोत इआंगला रविवारीच कळलं होतं, पण ती त्यात काही धोका आहे असं समजतच नव्हती. तांदूळ देवाला दिलेला. त्यात काय भ्यायचं?

धोका शुक्रवारी दिसला. ऊ वुन्नाचा कारकून दारोदार आला आणि प्रत्येक घरात माणसं किती ते लिहून घेऊन गेला. तिअल सुंगने सहजच विचारल्यासारखं केलं, तोलण्याचा आणि माणसांचा काय संबंध? कारकून बाविशीतला होता आणि साहेबाच्या हुशारीचा त्याला भारी अभिमान. "साहेब म्हणतात, पी, चुलीवरून माणसं मोजता येतात. घरात एक आणि मूठ दोघांची, असं कुठे दिसलं की त्या घरात बघायचं."

तिअल सुंग थेट पाळकांकडे धावली. तोलणं रद्द करा म्हणाली.

"तूच तर म्हणालीस तोला म्हणून," पाळक म्हणाले.

"चुकलं माझं."

"का चुकलं? काय झालं?"

तिला सांगता येईना. एक माणूस वाढला की दहा कान वाढतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! पाळक तिच्याकडे बघत राहिले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने दुसऱ्याच्या डोळ्यांत स्वतःविषयी संशय बघितला. "आता नाही म्हटलं तर ऊ वुन्ना म्हणेल काहीतरी लपवतात. मला जमायचं नाही, पी तिअल."

शनिवारी तिने बावीस घरं केली. दोत इआंगच्या दारातून तिने नुसती पिशवी उचलली. उद्यापासून एकच मूठ टाक, असं सांगायचं मनात होतं, पण आठवड्याची पिशवी तर भरलेलीच होती. कपाळाचा पट्टा लावून टोपली पाठीवर घेतली आणि चर्चच्या वाटेला लागली. देवदारांच्या वळणावर ती थांबली. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. खात्री पटेना म्हणून तिने पुन्हा दोन्हीकडे बघितलं.

गोळा केलेल्या पिशवीत तिने कधी हात घातला नव्हता. भुकेने डोळ्यांपुढे काजवे चमकत होते तेव्हाही नाही. आता तिने दोत इआंगच्या पिशवीत हात घातला. एक मूठ, दोन, तीन, सात मुठी तिने ओच्यात घेतल्या. त्या टाकायच्या कुठे? जंगलात फेकणं जमलं नसतं, देवाचा तांदूळ होता. दुसऱ्या कुणाच्या पिशवीत टाकायच्या तर ती पिशवी जड होणार, आणि सैनिक त्या घरी जाणार. त्या घरी माळ्यावर काय आहे हे तिला थोडंच ठाऊक होतं? गेल्या शनिवारपर्यंत आपल्याला आळी तोंडपाठ आहे असं तिला वाटत होतं.

शेवटी तिने स्वतःची पिशवी उघडली. तिच्या घरात काय सापडेल, ते फक्त तिलाच पक्कं माहीत होतं. सातही मुठी आत गेल्या.  रडू आलं होतं, ते तिने आवरलं नाही.

चर्चच्या अंगणात सगळी आळी जमली होती. ऊ वुन्ना खुर्चीवर बसला होता, शांत, चष्म्यातून हसतमुख. त्याने स्वतःचा ताजवा आणला होता. चर्चच्या ताजव्यावर त्याचा विश्वास नव्हता. कारकून पिशवी लावी, नाव वाची, माणसं वाची, वजन वाची. लोक एकमेकांकडे बघत नव्हते. वर्षानुवर्षं ज्यांनी शेजाऱ्याची मूठ विचारली नव्हती, ते आता प्रत्येक आकडा ऐकून मनात ठेवत होते.

"दोत इआंग. माणसं एक." ताजव्याचा काटा जेमतेम हलला.

दोत इआंगने मान वर केली. आपली पिशवी तिला ठाऊक होती. तिने ताजव्याकडे बघितलं, मग तिअल सुंगकडे. तिअल सुंगने तोंड फिरवलं.

"तिअल सुंग. माणसं एक." काटा गेला तो पुढे जाऊन थांबला. 

"एक?" ऊ वुन्ना पुढे झुकला. "पी, तुमच्याकडे जेवायला कोण असतं?"

"कुणी नाही, साहेब."

"मग दोघांची मूठ?"

"दोन वेळा जेवते."

"या दुष्काळात? अख्खं गाव एकदा जेवतं, आणि तुम्ही दोनदा?"

पू झा उक तिच्याकडे बघत होते. घंटेच्या आवाजाचा तो माणूस, ज्याच्या शेजारी बसून ती आमेन म्हणाली होती. हे सांगितलं की त्या बाकावर आपल्याला पुन्हा जागा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण नाही सांगितलं, तर हा चष्मेवाला दोघांचा तांदूळ शोधत आळीतलं एकेक घर उघडेल, आणि तिच्या घरापासून दोत इआंगचं घर चौथं होतं.

"सरकारचा तांदूळ घेतला मी," ती म्हणाली. आवाज स्वतःलाच परका वाटला. "सही केली. दोन महिने झाले. पोतं खाटेखाली आहे. बघा जाऊन."

मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. ऊ वुन्नाने आपल्या सह्यांच्या यादीत बोट फिरवलं, बोट एका जागी थांबलं, तरी त्याने बरोबरचे दोन सैनिक पाठवलेच. अर्ध्या तासात पोतं अंगणात आलं. निळा शिक्का वर. ते तिच्या पायाशी ठेवलं गेलं, आणि तिला वाटलं की जमीन दुभंगून आपल्याला गिळेल तर बरं.

ऊ वुन्ना मात्र खुशीत आला. उठून उभा राहिला. "बघा! ही खरी बाई. सरकारकडून घेते आणि देवालाही देते. उगाच भांडण कशाला हवं तुम्हाला? आणखी एक पोतं मिळेल, पी." मग आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असा म्हणाला, "एकटी माणसं दोन वेळा जेवली की मला आवडतं. पण अधूनमधून माझा कारकून चहाला येईल तुमच्या आळीत."

तो गेल्यावर पू झा उक तिच्यासमोर आले. त्यांना राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. "दोन महिने तू आमची मूठ वाहिलीस, तिअल," ते म्हणाले. "नावं वाचा म्हणत होतीस. दुसऱ्यावर बोट दाखवत होतीस." त्यांचे डोळे भरले होते. "टोपली इथे ठेव."

तिने पट्टा काढला, टोपली ठेवली. पाळक काही बोलायला पुढे झाले, पण लोक पांगायला लागले होते. दोत इआंग जागची हलली नव्हती. तिचे ओठ उघडले, आणि तिअल सुंगने तिच्याकडे असे डोळे वटारले की ते पुन्हा मिटले.

रविवारी ज्येष्ठांनी दोन गोष्टी ठरवल्या. सही केलेल्या घरची मूठ घ्यायची नाही. आणि वरच्या आळीची टोपली आता दोत इआंगने उचलायची. तिची पिशवी सगळ्यात हलकी निघाली होती, म्हणजे ती सगळ्यात गरीब आणि सगळ्यात सच्ची, असा पू झा उकांचा हिशेब.

पुढच्या शनिवारी तिअल सुंग दाराच्या पायरीवर बसली होती. आठवडाभर तिने नेहमीप्रमाणे मूठ काढली होती, एक वेळची. पिशवी मांडीवर होती. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर ऊ वुन्नाचा कारकून बाकावर बसून पेला फुंकत होता. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या.

दोत इआंग टोपली घेऊन आली, आधीची तीन घरं घेऊन. तिच्या दाराशी येऊन थांबली. पुढे जायला हवं होतं, तरी ती थांबलीच. हात पुढे झाला.

"दे," ती हळूच म्हणाली. "पू झा उकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. मी आज सगळं सांगणार आहे त्यांना."

"त्याला निघायला किती दिवस अजून?" तिअल सुंगचे ओठ जेमतेम हलले.

"चार. पाच."

कारकुनाने पेला खाली ठेवला होता.

तिअल सुंग उठली, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडली, "माझ्या दारात काय करतेस गं? सरकारचा तांदूळ खाणाऱ्या बाईची मूठ तुमच्या देवाला चालत नाही ना? मग हात कसला पसरतेस? चल, पुढे हो! उभी काय राहिलीस, जा!"

कुंपणाशी उभ्या असलेल्या बायकांनी माना फिरवल्या. एकजण म्हणाली, बघा, अजून तोरा गेला नाही बाईचा. दोत इआंगने हात मागे घेतला. टोपलीचा पट्टा तिने कपाळावर सारखा केला आणि खाली मान घालून ती पाचव्या घराकडे निघाली.